काढायच्या उपदाढेवर आधी चार आठवडे जोर लावून संशोधन : संमती द्यावी का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. तिचे वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आलेले आहेत आणि सुळ्यांना यायला जागाच उरलेली नाही. वरच्या जबड्यातील दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ (सुळ्याच्या लगेच मागचा दात) काढून मग तारा बसवाव्या लागतील, असे आम्हाला शहरातील एका दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सांगण्यात आले. त्याआधी एका खासगी दंतवैद्यांनीही स्वतंत्रपणे हेच सांगितले होते, त्यामुळे दात काढण्याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

शंका वेगळीच आहे. तिथे एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी आमची संमती मागितली आहे. दोन्ही उपदाढा लगेच न काढता उजव्या उपदाढेवर एक लहान स्प्रिंग बसवायची, तिने चार आठवडे त्या दातावर गालाच्या दिशेने जोर लावायचा, डावी उपदाढ तशीच ठेवायची आणि नंतर दोन्ही काढून मुळांची आधी त्रिमितीय स्कॅनने व मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची, असे त्या कामाचे स्वरूप आहे. माहितीपत्रकात ‘मुळाच्या झिजेचे मोजमाप’ असे शब्द आहेत आणि ते वाचल्यापासून मला धास्ती वाटते आहे. सासूबाईंचे म्हणणे तर सरळच आहे : दात काढायचाच आहे ना, मग त्याला आधी छळता कशाला?

हाडात घट्ट बसलेला दात हाड न मोडता सरकतो तरी कसा, मूळ झिजते म्हणजे नेमके काय होते आणि पुढे तारा लावल्यावर उरलेल्या दातांचेही तेच होणार का, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर फार बरे होईल. शिवाय असले प्रयोग उंदरांवर होतात असे मी वाचले आहे. मग मुलांचे दात कशाला लागतात?

उपदाढ यांचे उत्तर

मी अनेक वर्षे दात सरळ करण्याचा हाच विषय शिकवला असून आता निवृत्त आहे. आपल्या सासूबाईंची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर देण्याआधी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळावे लागेल.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाडातील खोबण यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर रुंदीची फट असते आणि ती तंतू, रक्तवाहिन्या, चेतातंतू व नाना प्रकारच्या पेशी यांनी भरलेली असते. या थराला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. बाजेचे सुंभ जसे अंगाखाली ताणले जाऊन वजन तोलते, तसे हे तंतू दाताला चहूबाजूंनी तोलून धरतात. दात सरकण्याचे सारे रहस्य या पाव मिलिमीटरमध्ये आहे. जबड्यात बसवलेल्या इम्प्लांटला, म्हणजे कृत्रिम दाताच्या मुळाला, असा थर नसतो, तो थेट हाडाला चिकटतो, आणि म्हणूनच त्याला कितीही तारा बांधल्या तरी तो जागचा हलत नाही. मार लागल्यामुळे एखादा नैसर्गिक दात हाडाशी सांधला गेला, तर तोही सरकत नाही. याच कारणाने आम्ही हाडात छोटे स्क्रू बसवून त्यांचा खुंटीसारखा उपयोग करतो आणि बाकीचे दात त्यांच्या आधाराने ओढतो.

दातावर हलका पण सतत जोर दिला की काही सेकंदांतच या थरातील द्रव एका बाजूने पिळून निघतो आणि दात त्या फटीतल्या फटीत किंचित कलतो. पुढच्या काही तासांत तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडू लागतात आणि सुमारे दोन दिवसांत दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या, तर ताणाच्या बाजूला हाड रचणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे दात हाडातून घुसत जात नाही. पुढचे हाड त्याला वाट करून देते आणि मागची जागा नव्या हाडाने भरत येते. स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट यांनी 1904-05 साली कुत्र्याचे पुढचे दात तीन आठवडे मागे ओढून, त्यांचे पातळ छेद घेऊन हे प्रथम नीट दाखवले. त्याच छेदांत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. जोर जास्त झाला की दाबाच्या बाजूच्या रक्तवाहिन्या बंद होतात, पेशी मरतात आणि तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा, पेशीविरहित दिसू लागतो. मग हाड विरघळवणाऱ्या पेशींना समोरून प्रवेशच नसल्यामुळे त्या मागच्या हाडातून पोखरत येतात. या पोखरण्यात आठवडा ते दोन आठवडे जातात, तोवर दात थबकतो, आणि आडवे आलेले हाड संपले की तो एकदम पुढे येतो.

तेव्हा जोर दुप्पट केला म्हणून दात दुप्पट वेगाने सरकत नाही. ऑस्ट्रियाचे श्वार्झ यांनी 1932 साली असे सुचवले की मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम एवढाच दाब योग्य आहे, कारण तो केशवाहिन्यांतील रक्तदाबाच्या आसपास राहतो. मुळावर दाब सगळीकडे सारखा पडत नसल्यामुळे आज हा आकडा कोणी शब्दशः पाळत नाही, पण त्यामागचा विचार टिकून आहे. महिन्याला साधारण एक मिलिमीटर ही गती ठरलेली आहे असे समजा. पालक दर खेपेला ‘जरा घट्ट करा, लवकर होईल’ असे म्हणत आणि मला दर खेपेला हीच कथा सांगावी लागे.

आता मुळाच्या झिजेबद्दल. मूळही हाडासारखेच कठीण आहे, मग त्या पेशी त्याला का खात नाहीत? मुळावर सिमेंटमचे पातळ आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याचा सर्वांत वरचा थर अजून खनिज न साठलेला असल्यामुळे या पेशींना त्यावर सहजासहजी पकड मिळत नाही. मात्र तो मृत, काचेसारखा भाग साफ करण्याचे काम सुरू झाले की त्या सफाईत शेजारचे सिमेंटमही खरवडले जाते आणि मुळावर सूक्ष्म खड्डे पडतात. जोर थांबला की बहुतेक खड्डे नव्या सिमेंटमने भरून येतात. मुळाच्या टोकाशी मात्र खड्डे एकमेकांना मिळून टोकाचा तुकडाच सुटा झाला, तर गेलेली लांबी परत येत नाही. तारा लावलेल्या बहुतेकांत ही घट नगण्य असते, थोड्यांत ती लक्षात येण्याजोगी असते, आणि तिचा धोका सर्वाधिक असतो तो वरच्या पटाशीच्या दातांना. आपल्या मुलीचे नेमके हेच दात मागे न्यायचे आहेत. म्हणून उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या सुमारास त्यांचा एक्स-रे काढून मुळांची लांबी पाहणार का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. संशोधनात भाग घेतला नाही तरी विचारा.

काचपट्टी यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. एका दंत महाविद्यालयाच्या मुखविकृतिशास्त्र विभागातील प्रयोगशाळेत मी दातांचे छेद तयार करतो, त्यामुळे तो दात बाहेर आल्यानंतर त्याचे काय होते, एवढेच मी सांगू शकतो.

दात काढणाऱ्या डॉक्टरांना अशा वेळी मुद्दाम सांगितलेले असते की चिमटा वरच्या भागालाच लावा, मुळाला लावू नका, कारण चिमट्याचा ओरखडा आणि पेशींनी पाडलेला खड्डा यांत नंतर गल्लत होऊ शकते. दात लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. स्कॅन झाले की तो माझ्याकडे येतो, आणि मग खरा कंटाळवाणा भाग सुरू होतो. दात इतका कठीण असतो की मायक्रोटोमचे, म्हणजे पातळ छेद कापणाऱ्या यंत्राचे, पाते त्यावर चालणारच नाही. म्हणून तो ईडीटीए या रसायनाच्या द्रावणात ठेवून त्यातील कॅल्शियम हळूहळू काढून घ्यावे लागते. द्रावण दर काही दिवसांनी बदलायचे आणि वाट पाहायची. यात कित्येक आठवडे जातात. नायट्रिक आम्ल वापरले तर हेच काम काही दिवसांत होते, पण मग पेशींची केंद्रके नीट रंगत नाहीत आणि ज्या पेशी पाहायच्या त्याच फिक्या पडतात. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की विद्यार्थी घाई करतात. ईडीटीएला त्या तारखेशी काही देणेघेणे नसते.

या सगळ्यात एक गंमत घडते. दाताचे पांढरे चकचकीत इनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिजच असल्यामुळे ते पूर्ण विरघळून जाते आणि छेदात त्याच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते. उरते ते डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा मुख्य भाग), सिमेंटम आणि मुळाला चिकटून आलेल्या तंतूंच्या चिंध्या. हा ऐवज मेणात बसवून त्याचे पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे छेद घ्यायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून रंगवायचे. वरच्या पहिल्या उपदाढेला पुष्कळदा दोन मुळे असतात, म्हणून ती मेणात कोणत्या बाजूने बसवली यावर सारे अवलंबून असते. ती थोडी तिरकी बसली तर एका मुळाचे टोक हातचे जाते.

जोर न लावलेल्या दाताच्या मुळाची कड सहसा नितळ, एकसंध गुलाबी रेषेसारखी दिसते. जोर लावलेल्याची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी दिसते, आणि नशीब चांगले असेल तर त्या कुरतडलेल्या खाचेत अनेक केंद्रके असलेली एखादी मोठी पेशी बसलेली सापडते. दात गालाकडे कलवला असेल तर या खाचा कुठेही विखुरलेल्या नसतात. गालाकडच्या बाजूला हिरडीजवळ आणि जिभेकडच्या बाजूला टोकाजवळ, अशा तिरक्या रेषेत त्या जास्त सापडतात, कारण दात कलताना दाब याच दोन जागी पडतो. पुस्तकातली आकृती काचेवर अशी उतरलेली पाहिली की अजूनही बरे वाटते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. काढलेला दात अर्धीच हकिगत सांगतो, कारण दुसरी अर्धी, म्हणजे हाड, मुलीच्या तोंडातच राहते आणि तिथेच ते राहायला हवे.

चिकित्सक वाचक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण संमती देण्याच्या प्रश्नाला कोणीच हात घातलेला नाही. माझे मत असे की अशा कामाला विरोध करण्याचे कारण नाही, मात्र सही करण्याआधी काही गोष्टी कागदावर पाहून घ्याव्यात.

जोर किती ग्रॅमचा आहे, हे पत्रकात लिहिले आहे का? काही अभ्यासांत हलका जोर 25 ग्रॅम, तर जड जोर 225 ग्रॅम असे धरून तुलना केलेली आहे. जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याचे वजन 9 ग्रॅम असते. म्हणजे एकीकडे जेमतेम तीन नाणी आणि दुसरीकडे पंचवीस नाण्यांची चवड. हा फरक किरकोळ नाही, आणि ‘हलका जोर’ एवढ्या शब्दांवर कोणत्याही पालकाने समाधान मानू नये.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्प्रिंग उपदाढेला गालाकडे ढकलते, तर ती टेकते कशावर? बहुधा त्याच बाजूच्या पहिल्या दाढेवर. न्यूटनचा तिसरा नियम दातांनाही लागू आहे, त्यामुळे उपदाढेवर जेवढा जोर पडेल तेवढाच उलट दिशेने त्या दाढेवर पडणार. उपदाढ काढून टाकायची आहे हे खरे, पण दाढ जन्मभर वापरायची आहे. ‘दात नाहीतरी काढायचाच आहे’ हा युक्तिवाद तिला लागू पडत नाही.

मुलीच्या संमतीचे काय, हेही विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती पालकांच्या संमतीखेरीज वेगळी घ्यावी लागते. नैतिकता समितीची मान्यता, मध्येच माघार घेतली तरी उपचारात फरक पडणार नाही याची लेखी हमी आणि संशोधनाची स्प्रिंग तुटली किंवा टोचली तर कोणाला भेटायचे, या गोष्टी त्या कागदावर असायलाच हव्यात.

उपदाढ यांचे उत्तर

चिकित्सक वाचक यांनी दाढेचा मुद्दा काढला हे चांगले केले. आम्ही शिकवणारेसुद्धा तो पालकांना आपणहून सांगत नाही, हे मान्य करतो. सहसा दोन्ही बाजूंच्या दाढा टाळूवरून जाणाऱ्या जाड तारेने एकमेकींना जोडून घेतात. वरच्या दाढेला तीन मुळे असतात, म्हणून तिचा पृष्ठभाग मोठा, आणि जोडल्यामुळे तो दुप्पट होतो. त्यामुळे तोच जोर तिथे पुष्कळ पसरतो. तो शून्य होत नाही, पण पुढे दोन वर्षे तारांमुळे त्या दाढांना जे सोसायचे आहे त्यापेक्षा हे कमी असते. आडवी तार बसवणार आहेत का, एवढे विचारून घ्यावे.

उंदरांचा प्रश्न राहून गेला होता. पहिली दाढ आणि पुढचा दात यांच्यामध्ये बारीक स्प्रिंग बांधून केलेले असंख्य प्रयोग आहेत, आणि पेशींचे संदेश आपल्याला समजले ते बव्हंशी त्यांतूनच. मात्र उंदराच्या दाढा आपोआप मागच्या दिशेने सरकत असतात, त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि त्याच्या इवल्याशा दाढेला 25 ग्रॅम हाही जड जोर ठरू शकतो. तेव्हा ‘किती ग्रॅमला मूळ किती झिजते’ या प्रश्नाचे उत्तर उंदराकडून माणसाला उसने घेता येत नाही. नॉर्वेचे कारे राइटान यांनी 1950 च्या दशकात मुलांच्या अशाच काढायच्या उपदाढांचा अभ्यास केला आणि एकाच जोराला दोन मुलांच्या ऊती किती निरनिराळ्या तऱ्हेने वागतात, हे दाखवले. डावी उपदाढ तशीच ठेवण्याचे कारणही हेच आहे. आपल्या मुलीच्या उजव्या दाताची तुलना दुसऱ्या कुणाच्या दाताशी न होता तिच्याच डाव्या दाताशी होते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. स्प्रिंग बसवल्यावर एक-दोन दिवस दात दुखेल आणि चावताना हुळहुळेल. अशा वेळी घरात असलेली आयब्युप्रोफेनची गोळी परस्पर देऊ नका. हाडाच्या पेशींना जागे करणाऱ्या संदेशांत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातील रसायनांचा वाटा मोठा आहे आणि ही गोळी नेमके त्यांचेच उत्पादन रोखते, त्यामुळे मोजमाप बिघडू शकते. साधे पॅरासिटामॉल बहुधा चालते, पण तेही विचारून द्यावे.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरांची छापील प्रत घेऊनच मी काल महाविद्यालयात गेले होते. जोर 25 ग्रॅमचा आहे. तो पत्रकात लिहिलेला नव्हता, पण त्या विद्यार्थिनीने माझ्यासमोर आकडा घालून तारखेसह सही केली आणि पुढच्या पालकांसाठी पत्रकच बदलून घेते असे सांगितले. दाढा टाळूवरच्या तारेने जोडणार आहेत. ती तार पुढच्या उपचारातही तशीच ठेवायची असल्यामुळे ती केवळ संशोधनापुरती नाही. नैतिकता समितीच्या मान्यतेचे पत्र पाहिले. पटाशीच्या दातांच्या एक्स-रेबद्दल विचारल्यावर तिच्या मार्गदर्शक सरांनी केसपेपरवर लगेच नोंद केली, आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त समाधान त्याच नोंदीने वाटले.

मुलीने तिचा वेगळा कागद स्वतः वाचला आणि सही करण्याआधी एकच अट घातली : दोन्ही दात तिला परत हवेत. त्यावर ती विद्यार्थिनी थोडी गोंधळली आणि विचारून सांगते म्हणाली. काचपट्टी, आपल्या लेखनावरून मला वाटते की ते शक्य नसावे. मी मुलीला काय सांगू? सासूबाईंचे मत अजून बदललेले नाही, पण दात परत मागण्याच्या बाबतीत त्या नातीच्या बाजूने आहेत.

काचपट्टी यांचे उत्तर

छेद घ्यायचे ठरले असेल तर दात दाताच्या रूपात परत मिळणार नाही. इनॅमल विरघळलेले असेल, उरलेला भाग रबरासारखा लवचिक होऊन मेणात बसलेला असेल आणि त्याच्या पातळ पापुद्र्यांच्या पट्ट्या झालेल्या असतील. मात्र स्कॅनने दाताला काहीच इजा होत नाही. म्हणून डाव्या दाताचे छेद खरोखरच घ्यायचे आहेत की त्याचे स्कॅन पुरेसे आहे, हे त्यांना विचारा. ते पुरेसे असेल तर तो दात निर्जंतुक करून अखंड परत देता येईल. उजव्याचे छेद मात्र घ्यावेच लागतील, कारण खाचेतल्या पेशी स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

आमच्याकडे एका दाताच्या पुष्कळ काचपट्ट्या होतात आणि त्या सगळ्याच मोजणीला लागत नाहीत. मार्गदर्शकांची हरकत नसेल तर काम संपल्यावर त्यांतली एखादी नीट रंगलेली पट्टी मुलीला देता येते. पट्टी उजेडासमोर धरली तर नुसत्या डोळ्यांना गुलाबी नखाएवढा ठसा दिसेल. मुळाची कड पाहायची असेल तर तिला शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक वापरू द्यायला सांगा, चाळीसचे भिंग लावले की खाचा ओळखता येतील.